पुण्यातल्या तलावापासून मालवणच्या समुद्रापर्यंत: पन्नाशीनंतरचे स्नॉर्केलिंग

वय पन्नाशीच्या पुढे, चष्म्याचा नंबर मोठा, रक्तदाबाची गोळी चालू आणि पोहता अजिबात येत नाही, अशा स्थितीतून मी सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये मालवणच्या समुद्रात स्नॉर्केलिंग करून, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून, तोंड पाण्याखाली घालून तरंगत मासे बघून आले. मधल्या काळात काय काय करावे लागले, कुठे थांबावे लागले, किती पैसे लागले हे क्रमाने लिहिते. मी शोधत होते तेव्हा मराठीत मालवणबद्दल एक तर किल्ल्यांची माहिती सापडायची, नाहीतर ‘पंधरा मिनिटांत स्कूबा’च्या जाहिराती. माझ्यासारख्या बाईने सुरुवात कुठून करायची, हे कुणी सांगत नव्हते.

आमच्या घरात पाण्याशी कुणाचेच सख्य नव्हते. आई नारायण पेठेत वाढली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. वाड्याचा खालचा मजला गाळाने भरला, ते सगळे कितीतरी महिने नातेवाइकांकडे राहिले. त्यानंतर आई नदीच्या पुलावरून जातानासुद्धा आमचा हात घट्ट धरायची. आम्हा बहिणींना पोहायला घालायचा विषय घरात कधी निघालाच नाही, आणि त्याबद्दल माझ्या मनात आईविषयी काही राग नाही. तिने जे पाहिले ते पाहिल्यावर मीही तसेच वागले असते.

२०२३ च्या दिवाळीत लेकीने अंदमानहून पाण्याखालचा एक व्हिडिओ पाठवला. निळेपिवळे मासे, त्यांच्या मागे हळू सरकणारा तिचा हात. हे आपल्यालाही बघायचे आहे, असे मला फार आतून वाटले. पण अंदमान नको होते. विमान बदलत जायचे, सगळा कार्यक्रम आधी ठरलेला आणि त्या दिवशी भीती वाटली तर पैसे आणि हौस दोन्ही बुडणार. मला असा समुद्र हवा होता जिथे रात्रीच्या एसटीने जाता येईल, नाही जमले तर परत येता येईल आणि पुन्हा जाता येईल. म्हणून मालवण.

पहिले काम तलाव शोधण्याचे. आमच्या जवळचा सार्वजनिक तलाव दुरुस्तीसाठी बंद होता. ‘पुढच्या महिन्यात’ हे उत्तर डिसेंबरमध्ये मिळाले, जानेवारीतही मिळाले. शेवटी एका शाळेच्या आवारातला, फक्त बायकांची सकाळची बॅच असलेला तलाव मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये फॉर्म आणला. त्यासोबत आधार कार्डाची प्रत, दोन फोटो आणि एमबीबीएस डॉक्टरांचे पोहण्यास हरकत नसल्याचे प्रमाणपत्र, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह. हा क्रमांक नसेल तर फॉर्म परत येतो. माझ्या पुढच्या बाईंचा आला.

डॉक्टरांकडे मी फक्त सहीसाठी गेले नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. समुद्रात जायचे आहे, मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायचा आहे, हे स्पष्ट सांगितले. त्यांनी ईसीजी काढायला लावला, आठवडाभर रक्तदाब लिहून ठेवायला सांगितला आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले. कानात मळ साठला होता, तो काढला. सगळे मिळून सोळाशे रुपये आणि दहा-बारा दिवस गेले. पण पुढे पाण्यात छाती धडधडली तेव्हा ही भीती आहे, हृदय नव्हे, हे मला ठाऊक होते. त्या खात्रीची किंमत सोळाशेहून खूप मोठी आहे.

कपड्यांचा प्रश्न बहुतेक बायकांना इथेच अडवतो, म्हणून सविस्तर सांगते. सुती कपडे तलावात चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. पण कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्याखालपर्यंत पाय असलेला पोशाख सर्रास मिळतो. माझा अकराशेला मिळाला. टोपी सक्तीची. पहिल्या दिवशी अंगावर टॉवेल घेऊन काठापर्यंत गेले, आणि पाहिले तर तिथे सत्तरीच्या दोन आजी निवांत पाय मारत होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हते. पाळी अनियमित झालेल्या वयात पासचे दिवस वाया जातात. तेव्हा चुकलेले दिवस पुढे धरतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा. आमच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी दिली तर धरायचे. तीन महिन्यांचा पास आणि शिकवणी मिळून मला साडेपाच हजार पडले.

शिकवणाऱ्या मॅडमनी पहिले बरेच दिवस हातपाय मारायलाच लावले नाहीत. दांडा धरायचा, तोंड पाण्यात घालायचे आणि बुडबुडे काढायचे. श्वास सोडायचा, पूर्ण सोडायचा. भीती वाटली की माणूस श्वास घेत राहतो आणि सोडायला विसरतो. मग छाती भरलेली असतानाच गुदमरल्यासारखे होते. हे मॅडमनी सांगितले, आणि मला वाटते या संपूर्ण प्रवासात मला कामी आलेले एकच ज्ञान निवडायचे झाले तर ते हे. मग पालथे तरंगणे, मग उताणे, मग फळी धरून पाय. एप्रिलमध्ये एका सकाळी मी काहीही न धरता पालथी पडून राहिले. कानात पाण्याचा गच्च आवाज, खाली निळ्या फरशा, आणि अंग आपोआप वर. काठावर येऊन मी रडले. मॅडमनी काही विचारले नाही, टॉवेल दिला.

मे महिन्यात तलावाची रुंदी पार करता आली. खोल भागात जायची परीक्षा मात्र तेव्हा दिली नाही. पावसाळ्यात खंड पडला, कारण पाणी गार आणि सर्दी सतत. सप्टेंबरमध्ये पुन्हा पास काढला. तोपर्यंत मास्क मागवला होता. चष्मेवाल्यांसाठी हे महत्त्वाचे आहे: नंबरच्या काचा असलेले मास्क मिळतात, साधारण अर्ध्या अर्ध्या नंबरच्या फरकाने. सिलिंड्रिकल नंबर त्यात बसत नाही. चष्म्याच्या दुकानात विचारा, ते साधा आणि सिलिंड्रिकल असे दोन्ही मिळून जवळचा नंबर काढून देतात. माझा उणे साडेपाच. मास्क आणि नळी मिळून चार हजार दोनशे. खर्चातली ही सगळ्यात मोठी वस्तू, पण अंधुक मासे बघायला इतके करण्यात अर्थ नव्हता. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात जाऊ नका, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बजावले.

मास्क तलावात वापरून बघायला गेले तर ‘साहित्य नेता येणार नाही’ हा नियम आडवा आला. व्यवस्थापकांना भेटले. ते म्हणाले, लेखी अर्ज द्या. अर्ज दिला, सोबत मॅडमचे पत्र जोडले. दोन आठवडे काही उत्तर नाही. मग पुन्हा गेले, तेव्हा अर्ज समितीपुढे ठेवला आहे असे कळले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली: फक्त उथळ भागात, बॅचची शेवटची दहा मिनिटे, मॅडम हजर असताना. तेवढे पुरले. मास्कच्या कडेखाली एक केस जरी आला तरी पाणी झिरपते, पट्टा डोक्याच्या उंच भागावर बसवायचा, नळीचे तोंड दातांनी गच्च चावायचे नाही, आणि नळीत पाणी आले तर घाबरून डोके वर काढण्याऐवजी जोरात फुंकून ते उडवायचे, हे सगळे तिथे छातीभर पाण्यात पाय टेकवून शिकता आले. नवा मास्क आधी आतून टूथपेस्टने घासून धुवावा लागतो, नाहीतर काच सारखी धुकटते. पाण्यात उतरण्याआधी लहान बाळाच्या शाम्पूचा एक थेंब आतून फिरवून विसळला की काम भागते. खोल भागाची परीक्षा नोव्हेंबरमध्ये दिली आणि पास झाले.

आता तारीख. मी कालनिर्णय घेऊन बसले. आमच्या शेजारच्या काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. त्यांनी कोकणातला जुना हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, गावागणिक थोडा फरक पडतो, पण नियोजनाला पुरतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते-उतरते, ओढ वाढते आणि तळाची वाळू ढवळून पाणी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाण्याची हालचाल कमी आणि खालचे दिसायची शक्यता जास्त. शिवाय थंडीत सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, त्यामुळे किनाऱ्याजवळ समुद्र शांत असतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा फुटू लागतात. म्हणून हवी होती थंडीतली, अष्टमीजवळची, आठवड्याच्या मधली सकाळ. बुधवार, २२ जानेवारी २०२५, पौष वद्य अष्टमी. नाताळची गर्दी ओसरलेली, आणि आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा २२ फेब्रुवारीला, म्हणजे अजून महिना लांब. जत्रेच्या दिवसांत मालवणात खोली मिळणे अवघड असते, त्या तारखा टाळाच. मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत तर जलपर्यटन बंदच असते.

राहण्यासाठी चिवला किनाऱ्याजवळ एका काकींचे घर फोनवर ठरवले, दोघींना मिळून रात्रीचे अठराशे, नाश्त्यासह. सोबत नणंद. ती पाण्यात उतरणार नव्हती, पण ‘वहिनी, मी काठावर बसून तुमच्यावर लक्ष ठेवीन’ म्हणाली आणि खरोखरच ठेवले. एकटीने समुद्रात जाऊ नका, काठावर तरी कुणी हवे.

सोमवारी रात्री स्वारगेटहून एसटी. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे जायला तीनशेच्या आसपास लागले. करूळ घाट तेव्हा कामासाठी बंद होता, त्यामुळे बस राधानगरीवरून फोंडा घाटाने उतरली. (आम्ही परतलो आणि लगेच २५ जानेवारीपासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा माझ्या आकड्यात तेवढी भर घाला.) मंगळवारी सकाळी मालवण. घावणे आणि चहा झाल्यावर दुपारपर्यंत झोप. रात्रभर बसमध्ये आखडलेल्या अंगाने थेट पाण्यात जाण्यात शहाणपण नाही.

चिवला हा मालवण गावालाच लागून असलेला छोटा, चंद्रकोरीसारखा किनारा. समोर पाण्यात खडक आहेत, ते लाटांचा जोर मोडतात. दर वर्षी डिसेंबरमध्ये इथे समुद्रातल्या पोहण्याची मोठी स्पर्धा भरते, ती उगाच नव्हे. मंगळवारी दुपारी तिथे रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी वाळत घालणारे चार-पाच जण आणि आम्ही दोघी, एवढेच. मी कमरेपर्यंत गेले. पाणी कोमट. तळ दिसत नव्हता, आणि तलावापेक्षा हे किती वेगळे आहे ते तिथे कळले: इथे पाणी स्वतः हलते. लाट आली की पाय उचलले जातात. मी किनाऱ्याला समांतर, छातीपेक्षा खोल न जाता पोहले, बराच वेळ. खारे पाणी अंग वर उचलून धरते, त्यामुळे तरंगणे तलावापेक्षा सोपे जाते. एका म्हाताऱ्या रापणकरांनी सांगितले की वाळूवर पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसलेली असते, पायाची चाहूल लागली की आपणहून निघून जाते.

होडी आधीच ठरवायची नाही, असे मी ठरवले होते. मंगळवारी संध्याकाळी जेटीवर गेलो. एका एजंटाने बाराशेत दोघींना सगळे देतो म्हणून सांगितले. होडीत आणखी किती जण असतील, हे विचारल्यावर उत्तर टाळले. तिथून निघालो. २४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला होता, ते माझ्या डोक्यात होते. मी तीनच गोष्टी विचारत होते: होडीची मेरीटाईम बोर्डाकडे नोंदणी आहे का, लाइफ जॅकेट माझ्या मापाचे आहे का, आणि पाण्यात माझ्याबरोबर माणूस उतरणार का. काकींच्या ओळखीतल्या एका होडीवाल्या दादांनी कागद स्वतःहून दाखवला. फक्त आम्ही दोघी, दोन तास, चोवीसशे रुपये. महाग वाटेल, पण नवशिक्या माणसाने घाई नसलेला वेळ विकत घ्यावा.

रात्री काकी म्हणाल्या, “उद्या पाणी निवळ गावतला.” म्हणजे स्वच्छ मिळेल. तसेच झाले.

बुधवारी आठला निघालो. समोर सिंधुदुर्ग, १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला. या किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतो, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. तटापासून अंतर राखून खडकाळ भागात दादांनी नांगर टाकला. खोली दीड-दोन पुरुष.

शिडीवरून उतरले, तोंड पाण्यात घातले आणि लगेच वर काढले. छाती धडधडत होती. नळीत पाणी गेले होते. पुन्हा घातले, पुन्हा काढले. तलावातले सगळे विसरले होते. नणंद होडीतून काळजीने बघत होती. दादा पाण्यात माझ्या शेजारी, माझे मनगट धरून म्हणाले, “काकी, घाई नाय हां. वर बघू नकात, खाली बघा.” मी होडीची दोरी धरली, डोळे मिटले आणि तोंड पाण्यात ठेवून फक्त श्वास सोडायला लागले. लांब. पुन्हा लांब. नळीतून तो श्वास आपल्यालाच मोठा ऐकू येतो. तो संथ झाल्यावर डोळे उघडले.

खाली तपकिरी-हिरवट खडक आणि त्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा. मग निळसर हिरवा पोपट मासा, खडकाला चोच मारत असलेला. त्याचा खरडल्याचा आवाज पाण्यात ऐकू येत होता. खडक म्हणून मी ज्याकडे बघत होते तो एक गोल गोळा प्रवाळाचा आहे, हे दादांनी बोट दाखवल्यावर कळले. बारीक बारीक छिद्रांची जाळी, प्रत्येक छिद्रात एक जीव. फटीतून काळे लांब काटे बाहेर आलेले, ते समुद्री अर्चिन. तिथे पाय टेकवायचा नाही. मी दोरी कधी सोडली ते आठवत नाही.

अपेक्षा नीट ठेवा. मालवणचे पाणी अंदमानसारखे स्फटिक नसते. त्या दिवशी मला चार-पाच मीटर स्वच्छ दिसत होते, आणि ते चांगले मानतात. रंग भडक नाहीत, प्रवाळ पठारासारखे पसरलेले नाहीत, खडकांवर तुकड्यातुकड्यांनी आहेत. पण आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे जिवंत आहे आणि त्याच्यावर तरंगत राहता येते, याचा मला झालेला आनंद फार मोठा होता.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. शेजारच्या होडीतून कुणीतरी पावाचे तुकडे टाकत होते, म्हणजे मासे जवळ येऊन फोटो चांगला मिळतो. आमच्या दादांकडेही पुडा होता. मी नको म्हटले, त्यांनी निमूट ठेवून दिला. मासे तसेही येतात, फक्त आपण स्थिर राहावे लागते. पाव हे त्यांचे अन्न नाही, त्यांनी खडकावरचे शेवाळ खाल्ले पाहिजे, तरच प्रवाळाला जागा मिळते. आणि दमल्यावर खडकावर उभे राहू नका. एका पायाने जे मोडते ते वाढायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणूनच पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट काढू नये, असे माझे मत झाले आहे. जॅकेट असले की दमल्यावर उताणे पडून विश्रांती घेता येते, पाय टेकवावासाच वाटत नाही. प्रवाळाचा वाळलेला तुकडासुद्धा उचलून आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघाच्याच अनुसूचीत आहे.

साडेदहापर्यंत वारा फिरला, पाणी हलायला लागले, आम्ही परतलो. दुपारी भाकरी, बांगडा आणि सोलकढी. कान टॉवेलच्या टोकाने फक्त बाहेरून पुसले, आत काही घातले नाही. पाठ आणि मांड्यांच्या मागचा भाग पालथे तरंगताना भाजून निघतो, हे ऐकून मी पूर्ण अंग झाकणारा पोशाख घातला होता, तो फार उपयोगी पडला. फक्त तळपायांची मागची बाजू लाल झाली. तिथे मोजे घालावेत.

गुरुवारी सकाळी तोंडवळीला गेलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये सुरूचे बन आणि लांबच लांब रिकामी वाळू. तिथे मी गुडघ्यापेक्षा पुढे गेले नाही. किनारा उतरता आहे, खडकांचा आडोसा नाही आणि हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. शांत किनारा आणि पोहण्याजोगा किनारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याहून जाणाऱ्यांनी स्थानिक माणसाला विचारूनच ठरवावे. तासभर चाललो, नणंदेने शंख न उचलता फक्त त्यांचे फोटो काढले आणि परत येऊन मी चिवल्याला पुन्हा एकदा मास्क लावून खडकांच्या अलीकडे उतरले, या वेळी दोरीशिवाय, नणंदेच्या नजरेच्या टप्प्यात.

गुरुवारी रात्रीच्या बसने परत. मास्क आणि नळी गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सावलीत वाळवा, उन्हात रबर तडकते.

मालवणचा माझ्या एकटीच्या वाट्याचा खर्च, बस, राहणे, जेवण, होडी आणि रिक्षा धरून, साडेपाच हजारांच्या आत बसला. पुण्यातली तयारी, म्हणजे डॉक्टर, दोन पास, पोशाख आणि मास्क, पंधरा हजारांच्या घरात गेली. ती एकदाच करायची होती. पुढच्या हंगामाच्या अष्टम्या कालनिर्णयात खुणा करून ठेवल्या आहेत; पाणी कधी निवळते ते काकी फोनवर कळवणार आहेत, आणि निवती गावाजवळच्या खडकांपाशी होडी जाते का, हे दादांना विचारून ठेवले आहे.